कडी लावलेला रुपया

माझ्याकडे एक गोष्ट आहे. तिचं नाव ‘कथलाची राणी’. लग्नाच्या पंगतीत, मुलांच्या शिबिरात, एकदा तर स्मशानात लाकडं यायला उशीर झाला तेव्हा, अशी बारा वर्षं मी ती सांगत आलो आहे. आठ मिनिटांची गोष्ट. मध्ये तीन हशे आणि शेवटी टाळी, हे ठरलेलं. या अंकाच्या संपादकांनीही ती कुणाच्या तरी बारशाला ऐकली होती. तुमच्या नाण्यांच्या नादाबद्दल लिहा आणि ती राणीची गोष्ट घालाच, असं त्यांनी बजावलं. घालतो. फक्त या वेळी पूर्ण सांगणार आहे. आणि पूर्ण सांगितली की तिच्यात टाळीला जागा राहत नाही.

पोटापाण्याचा माझा धंदा चष्म्याचा. महाद्वार रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळात दुकान आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला मी सांगायचो, की बाबांनो, मी डॉक्टर नाही, नंबर काढणारा माणूस आहे. कुणी ऐकेना. मग मी पांढरा कोट शिवून घेतला.

नाण्यांचा नाद भिंगामुळे लागला. नवीन भिंगं तपासायला काहीतरी बारीक नक्षीचं लागायचं, म्हणून घरातला एक राणीछाप रुपया दुकानात आणून ठेवला. एके दिवशी त्या राणीच्या कानावरचा केसांचा पेड न् पेड मोजत बसलो आणि बाहेर गिऱ्हाईक निघून गेलं. त्याला आता तीस वर्षं होतील. माझ्या बायकोच्या मते ते गिऱ्हाईक शहाणं होतं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्रजी अमलातल्या नाण्याची प्रत ठरवायची म्हणजे ते किती हातांतून गेलंय हे त्याच्या तोंडावर वाचायचं. नाण्यावरचा जो भाग उंच, तो आधी झिजतो. व्हिक्टोरिया राणीचे कानावरचे केस आधी जातात, मग खांद्यावरचं भरतकाम. सातवा एडवर्ड बिनमुकुटाचा आणि टकलू, त्याला केसांची भानगडच नाही. त्याचा कान बघायचा. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावर एक हत्ती आहे. पहिल्या वर्षीच्या रुपयावर त्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली, की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोंबाबोंब झाली आणि सरकारला साचा बदलावा लागला. ते डुक्कर बघायला लोक माझ्याकडे येतात, आणि मी दर वेळी ते आजच सापडल्यासारखं दाखवतो.

या नादाचे नियम थोडे आहेत, पण कडक. नाणं नेहमी कडेला धरायचं. तोंडावर बोट लावायचं नाही, कारण बोटाचा घाम चांदीवर कायमचा बसतो. नाणं घासायचं नाही. हातकणंगल्याहून एक गृहस्थ आजोबांचे अकरा रुपये घेऊन आले होते. येण्याआधी रात्रभर चिंचेत भिजवून, राखेनं घासून त्यांनी ते असे लखलखीत केले होते, की अकरा नवरदेव ओळीनं उभे आहेत असं वाटावं. प्रत्येक राजाचं नाक गेलेलं. मी त्यांना चहा पाजला.

आणि तिसरा नियम कडीचा. आपल्याकडे रुपयाला कडी जोडून तो गळ्यात घालायची पद्धत. कडी जोडताना सोनार नाणं तापवतो, झाळून डाग देतो. त्यानंतर त्या नाण्याला प्रत नाही. आम्ही ते बाजूला सारतो. आणि मुख्य म्हणजे असं नाणं वाजवून बघायचं नाही. एरवी चांदीचा रुपया दगडावर टाकला की खणखणीत, लांबवर आवाज देतो. कथलाचा खोटा रुपया बद्द वाजतो. पण डाग दिलेलं किंवा कुठं तडा गेलेलं नाणं अस्सल चांदीचं असलं तरी बद्दच वाजतं. हुपरीच्या चांदीवाल्यांचं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. हा नियम लक्षात ठेवा. मला तो तेव्हाही पाठ होता.

पन्हाळ्याच्या बाजूचे एक पाहुणे मारुती कोरलेलं तांब्याचं नाणं घेऊन आले. कंपनी सरकारचं आहे, लोहचुंबकासारखं तांदूळ ओढतं आणि कोटीला मागणी आहे, असं त्यांचं म्हणणं. कंपनीनं मारुतीचं नाणं कधी पाडलंच नाही, हे मी पुस्तक उघडून दाखवलं. ते म्हणाले, पुस्तक मिटा आणि तांदूळ आणा. आणला. तासभर दोघंही वाकून बघत होतो. दाणा हलला नाही. शेवटी पाहुणे उठले आणि मलाच म्हणाले, “डॉक्टर, ह्यो रेशनचा तांदूळ हाय.”

अशा गमतींमुळे माझा लौकिक वाढला आणि मला बोलावणी येऊ लागली. गडमुडशिंगीच्या एका वाचनालयानं वर्धापनदिनाला बोलावलं. माझी नाणी मांडायची, आणि गावकऱ्यांनी घरातली जुनी नाणी आणायची, ती मी तिथंच पारखून द्यायची. शाळेच्या व्हरांड्यात गर्दी झाली. टेबल, माईक, शेजारी शहाबादी फरशीचा तुकडा. अशा वेळी माझा एक खास खेळ असायचा. डोळ्यांना टॉवेल बांधायचा, कुणीही कुठलंही नाणं फरशीवर टाकायचं, आणि मी नुसत्या आवाजावरून खरं की खोटं सांगायचं. चष्मेवाला डोळे बांधून बघतो, याची लोकांना भारी मौज वाटायची. मला त्यांच्याहून जास्त.

आता ‘कथलाची राणी’. मी सांगायचो ती अशी.

पाच-सहा नाणी खणखणीत वाजली. मग ग्रंथपालांनी माईकवर सांगितलं, की हौसाबाईंनी राणीछाप रुपया काढून दिलाय. रुपया फरशीवर पडला. बद्द. जसा ओला पोह्याचा पापड पडावा. मी हात वर केला, व्हरांडा गप्प झाला, आणि मी म्हणालो, “कथील!” इथं पहिला हशा. मग मी म्हणालो, “मावशी, ही राणी नव्हं. राणीच्या घरची मोलकरीण हाय!” दुसरा हशा, मोठा. मग मी त्या बाईची नक्कल करायचो. ती रुपया पदरात गुंडाळते, मोकळ्या गळ्याशी हात नेते आणि गर्दीतून वाट काढत जाते. तिसरा हशा. आणि शेवटी माझं वाक्य: इंग्रज गेले, पण जाताना मोलकरणीला राणी करून गेले. टाळी.

गोष्ट इथं संपायची. मी जे गाळत होतो ते आता सांगतो.

टॉवेल सोडला तेव्हा रुपया माझ्यासमोर फरशीवर पडला होता, आणि त्याला कडी होती.

लोक हसत होते. ग्रंथपाल डोळे पुसत होते. वजनकाटा माझ्या पिशवीत, पायाशी होता. रुपया काट्यावर ठेवला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं, कारण चांदीचा रुपया तोळाभर भरतो आणि कथील तेवढं भरत नाही. माईक हातातच होता. थांबा, कडीचं नाणं आवाजावर पारखता येत नाही, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “पुढचं नाणं कुणाचं?”

दुपारी वाचनालयानं झणझणीत जेवण दिलं. मी दोनदा रस्सा घेतला.

गेल्या श्रावणात पन्नाशीचा एक माणूस दुकानात आला. जवळचं दिसेना, दुधाच्या डेअरीतली कागदं वाचता येईनात. नाव तानाजी. मी त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, डोळ्यांवर तपासणीची जड चौकट चढवली आणि काचा बदलायला लागलो. गाव विचारलं. गडमुडशिंगी. झालं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. काचा बदलता बदलता मी ‘कथलाची राणी’ सुरू केली.

पहिल्या हशाला तो हसला नाही. काही माणसं उशिरा पेटतात, म्हणून मी आवाज चढवला. दुसऱ्यालाही तो हसला नाही. तेव्हा मी उठलो, आणि त्या अंधारात, त्याच्यापुढं, हौसाबाईची नक्कल केली. गळ्याशी हात नेऊन दोन पावलं चाललो.

त्यानं दोन्ही हातांनी चौकट काढली आणि हळूच टेबलावर ठेवली.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “ती माजी आई हाय.”

मी तसाच उभा होतो. हातसुद्धा गळ्याशीच होता.

“म्हंजे सावतर. पर आई तीच. आन् त्या रुपयात हुती ती जल्म देनारी.”

मग त्यानं सांगितलं. त्याची जन्मदाती तो चार महिन्यांचा असताना गेली. बापानं हौसाबाईशी दुसरं लग्न केलं. आपल्याकडे रीत आहे, की पहिली बायको वारली असेल तर दुसरीनं तिची चांदीची लहानशी प्रतिमा गळ्यात घालायची. रोज आधी तिला हळद-कुंकू, मग स्वतःला. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं. यांच्या घरात प्रतिमा घडवायची ऐपत नव्हती. पहिलीला माहेरून आलेला एक राणीछाप रुपया होता. त्यावर बाईचा मुखडा आयताच होता. त्याला कडी लावली आणि हौसाबाईच्या गळ्यात घातला. राणी गेली आणि त्या रुपयात तानाजीची आई आली. तानाजीचा बाप वारला तेव्हा हौसाबाईचं कुंकू गेलं. पण रुपयाला ती रोज लावतच राहिली.

म्हणजे चारशे माणसांत माईकवरून मी जिला मोलकरीण म्हणालो, ती कोण होती ते मला बारा वर्षांनी कळलं.

“त्या दिशी सांजच्याला कट्ट्यावर बोलनं सुरू झालं,” तानाजी सांगत होता. “सावतर आईनं चांदीचा रुपाया मोडून खाल्ला, आन् कथलाचा गळ्यात घालून फिरती. चार दिवस मी काय बोललो न्हाई. पाचव्या दिवशी बोललो. माज्या आईचा खरा रुपाया कुठं घालवलास म्हनून.”

“त्या काय म्हणाल्या?”

“काय न्हाई. रुपाया गळ्यातनं काढून ठिवला. म्हैनाभरानं माज्या बायकूनं चूल येगळी मांडली. एकाच घरात हाय, मधी भिंत हाय.”

सोनाराला का नाही दाखवला, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. त्यानं टेबलावरची चौकट बोटानं जरा लांब सरकवली.

“न्ह्याचं मनात आलं की. पर खरा निगाला तर तिला तोंड कसं दाखवू? म्हनून न्हाई नेला.” मग मलाच समजावल्यासारखं म्हणाला, “तुमी काय मुद्दाम केलं न्हाई, डॉक्टर. आवाजच तसा आला, त्याला तुमी तरी काय करनार.”

ती वेळ होती सांगायची, की मी कडी पाहिली होती. मी सांगितलं नाही. येत्या रविवारी रुपया बघायला येतो, एवढं म्हणालो. त्याचा चष्मा फुकट करून दिला. किती स्वस्तात सुटायला बघतो माणूस.

रविवारी वजनकाटा आणि भिंग घेऊन गेलो. हौसाबाई आता ऐंशीच्या घरात. व्हरांड्यात सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत बसल्या होत्या. तानाजीनं ओळख करून दिली. त्यांनी वर बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण मला त्यांनी बरोबर ओळखलं.

“आज टॉवेल न्हाई बांदला?”

मी मान खाली घातली. त्या आत जाऊन तांदळाच्या डब्यातून एक पुरचुंडी घेऊन आल्या. ती सोडली आणि मला दिसलं, की रुपयावरचं कुंकू ओलं होतं. त्याच सकाळचं.

काट्यावर ठेवला. तोळ्याहून थोडा वरच भरला, कडीचं आणि साठलेल्या कुंकवाचं वजन धरून. भिंग लावलं. कडीपासून एक केसाएवढा तडा राणीच्या डोक्यापर्यंत गेलेला होता, म्हणून आवाज बद्द. आणि भिंगाखाली आणखी एक दिसलं. बाजारात फिरलेलं नाणं सगळीकडून झिजतं. या राणीचे कानावरचे केस शाबूत होते, खांद्यावरचं भरतकाम शाबूत होतं. फक्त कपाळावर एका जागी, बोटाच्या टोकाएवढा खळगा पडला होता. तीस वर्षांत असं झिजणं मी कुठल्या नाण्यावर पाहिलं नव्हतं.

“आजी, चांदी आहे. अस्सल.” आवाज जरा चढलाच. सवय जात नाही.

त्यांनी शेंग फोडली. “म्हाईत हाय की.”

तानाजीनं चमकून बघितलं.

“चिंचेच्या पान्यात पंधरवड्याला बुडवून काढत हुते म्या. चांदी काळी पडती, कथील पडतंय व्हय रं तसं? हाताला कळतंय.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

“तुला कुटं ऐकायचं हुतं? तू हसवत हुतास.” मग तानाजीकडे न बघता त्या म्हणाल्या, “आन् ह्यानं इचारलं आसतं तर सांगितलं आसतं. ह्यानं इचारलं न्हाई. घालवलास म्हनला.”

तानाजी उंबऱ्यावर बसला. गुडघ्यांत मान घालून बसला.

मला तिथून उठून जायचं होतं. रुपया खरा ठरला होता, माझं काम संपलं होतं, आणि तानाजीच्या लेखी माझी चूक साधी होती. तशीच राहिली असती. पण तो माणूस सगळा दोष एकट्याच्या मानेवर घेऊन माझ्यासमोर बसला होता.

“आजी,” मी म्हणालो, “टॉवेल सोडला तेव्हा मला कडी दिसली होती. कडीचा रुपया वाजवून कळत नाही, हे मला माहीत होतं. काटा पायाशी होता. मी गप्प बसलो.”

तानाजीनं मान वर केली. हौसाबाईंचे हात थांबले.

“का रं?”

बारा वर्षं आठ मिनिटांची गोष्ट सांगणाऱ्या माझ्याकडे तीनच शब्द होते.

“लोक हसत होते.”

त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. मग सुपातली टरफलं एका बाजूला केली आणि म्हणाल्या, “व्हय. म्हनून तर काढून ठिवली म्या तिला. माज्या गळ्यात आसताना लोकं तिला हसली. अहेव, भरल्या कुकवानं गेल्याली बाई. पुन्ना तिला चारचौगांत कशाला न्ह्यायची? डब्यात ऱ्हाईली, पर हसनाऱ्यापासनं लांब ऱ्हाईली.”

म्हणजे त्यांनी रुपया लाजेनं काढला नव्हता. तानाजीला वाटलं होतं, चोरी उघडी पडली म्हणून काढला. मला वाटलं होतं, खोटा निघाला म्हणून काढला. आणि त्या, पोटच्यासारखं वाढवलेल्या पोरानं चोर ठरवलेलं असताना, त्याच्या आईची अब्रू डब्यात झाकून बसल्या होत्या.

मी म्हणालो, की गावात पुन्हा कार्यक्रम ठेवतो, माईकवर सगळ्यांसमोर सांगतो, माफी मागतो. मनातल्या मनात कुठं उभं राहायचं तेही मी ठरवून टाकलं होतं.

“माईक नगं तुजा,” हौसाबाई म्हणाल्या. “तानाजी, तुज्या बायकूकडं काळा दोरा आसंल. आन जा.”

तानाजी उठला. घराच्या दुसऱ्या दारातून त्याच्या बाजूला गेला. भिंतीपलीकडून त्याचं आणि त्याच्या बायकोचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं, आणि मग ट्रंक उघडल्याचा आवाज.

हौसाबाईंनी आतून कुंकवाचा करंडा आणला आणि माझ्यापुढं सरकवला.

“मोलकरीन म्हनला हुतास न्हवं तिला? लाव कुकू.”

मी रुपया उचलला. कडेला, दोन बोटांत, तोंडाला स्पर्श न होता. तीस वर्षांची शिस्त. त्यांना मोतीबिंदूतूनही ते दिसलं.

“आसं इंचू धरल्यागत काय धरतोस? नीट धर.”

मी रुपया तळहातावर ठेवला. करंड्यात बोट बुडवलं आणि राणीच्या कपाळावर टेकवलं. बोट बरोबर त्या खळग्यात बसलं.